संत्र्यांचं ताट

गार्थ व्हिकर्स आमच्या क्लबाचा कोच झाला आणि पहिल्याच शनिवारी मी त्याला नापास करून टाकलं. मी एकटीने नव्हे, आमच्या गाडीतल्या चौघांनी मिळून. आणि आमची गाडी म्हणजे वुलंगार गावचं हायकोर्ट. चाळीस वर्षं ती एकाच जागी लागते, मैदानाच्या कुंपणाला नाक लावून, स्कोअरबोर्डाच्या उजव्या हाताला. गाड्या बदलल्या, जागा बदलली नाही. स्टिअरिंगवर मी, शेजारी माझा नवरा क्लेम, मागे माझी नणंद लोर्ना आणि तिचा नवरा बेव्हन. गुडघ्यांवर पांघरूण, मध्ये चहाचा थर्मास, आणि आपल्या पोरांनी गोल मारला की हॉर्न. तो हॉर्न मीच वाजवते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

गार्थ आम्हाला अगदीच परका नव्हता. एकवीस वर्षांपूर्वी त्याचा बाप इथे पोलीस सार्जंट होता, तेव्हा एक हंगाम हा आमच्याकडून खेळलेला. खेळला म्हणजे काय, बाक गरम केला. मग बापाची बदली झाली, हा पश्चिमेला खाणींत गेला, आणि आता टक्कल, पोट आणि नर्स बायको घेऊन परत आला. बायको इथल्या दवाखान्यात लागली आणि कमिटीने याच्या गळ्यात शिट्टी अडकवली.

"बाकावर बसून बसून माणूस काय शिकतो?" बेव्हन मागून म्हणाला.

"बाक कुठून टोचतो ते शिकतो," लोर्ना म्हणाली.

"थांबा रे जरा," क्लेम म्हणाला. "आत्ता कुठे आलाय. नव्याचे नऊ दिवस तरी होऊ द्या."

क्लेमचं हे असं. दोनशे साठ सामने खेळलेला माणूस, क्लबाच्या भिंतीवर सोनेरी अक्षरांत नाव, पण तो कुणाला नापास करत नाही. म्हणजे आता करत नाही. पूर्वी करायचा, आणि कसा करायचा ते पुढे सांगते.

सहा वर्षांपूर्वी साखरेच्या आजाराने त्याचे दोन्ही डोळे नेले. तेव्हापासून सामना मी त्याला सांगते. आमचं ऑस्ट्रेलियाचं फुटबॉल हातानेही झेलायचं असतं; चार क्वार्टर, गोलाला सहा गुण, थोडक्यात हुकला तर एक. बॉल कुठे आहे, कोण उडी मारतंय, कुणी झेलला, कुणी सोडला. अंपायर आंधळा आहे हेही मीच सांगते आणि मग जीभ चावते. तो हसतो. पण माझ्या तोंडून ऐकलेला सामना त्याला पुरत नव्हता, ते मला कळायचं. त्याचा खरा सामना म्हणजे तिसऱ्या क्वार्टरनंतरची ती पाच मिनिटं.

तिसरा क्वार्टर संपला, भोंगा वाजला, की सगळं गाव कुंपण ओलांडून मैदानात उतरतं. म्हातारे, बायका, कडेवरची पोरं, कुत्री. मधोमध खेळाडूंचं कडं, कड्यात कोच, आणि भोवती आमचं कोंडाळं. कोच पोरांना काय झापतो, कुणाची पाठ थोपटतो, कुणाची सालं काढतो, ते आम्ही ऐकायचं, माना डोलवायच्या, आणि शेवटच्या क्वार्टरला परत गाडीत येऊन त्यावर निकाल द्यायचा. आजोबांनी हेच केलं, बापाने हेच केलं. वर्गणी कशाची भरतो मग आम्ही? क्लेमला मी हाताला धरून थेट पोरांच्या पाठीशी नेऊन उभं करायची. मलमाचा वास यायचा, पोरांची धाप ऐकू यायची. नुसत्या धापेवरून तो माझ्या कानात सांगायचा, "हा ब्लेक. याला दम लागलाय, याला बाहेर काढायला हवं." तेवढं त्याचं फुटबॉल उरलं होतं.

आणि संत्री माझी. तीस वर्षं. शनिवारी सकाळी चाळीस संत्री चिरायची, एकेकाच्या चार फोडी, ताटात लावायच्या आणि त्या कड्यात एकेका पोरापुढे धरायच्या. क्लबात माझा हुद्दा काहीही असो, तिसऱ्या क्वार्टरला त्या कड्यात शिरायचा हक्क मला एकटीला होता.

तर पहिल्या शनिवारी भोंगा वाजला, आम्ही सगळे चालत मधे गेलो, आणि बघतो तर गवतावर चुन्याची रेघ. गोल, पंधरा पावलांची, ताजी. रेघेच्या आत गार्थ आणि पोरं. गार्थ पुढे आला, हात वर केला.

"मंडळी, इथून पुढे फक्त खेळाडू. माफ करा."

लोकांना आधी गंमत वाटली. बेव्हन तर पाय उचलून टाकतच होता पुढे. गार्थ हलला नाही. मग तो माझ्याकडे वळला.

"ताट द्या, मिसेस हार्टिगन. मी वाटतो."

"का? माझे हात मोडले का?"

"नाही. पण आत फक्त पोरं आणि मी."

आणि माझ्या हातातून ताट घेऊन गेला हो तो! तीस वर्षांत कुणाची छाती झाली नव्हती. मी तिथेच उभी, रिकाम्या हातांनी, रेघेबाहेर. वर बघते तर याने पहिली फोड कुणाला द्यावी? ब्लेकला. ज्याच्या हातातून त्या दिवशी तीनदा बॉल निसटला होता, त्या ब्लेकला. मग बाकीच्यांना.

"हा कोच आहे का वाढपी?" लोर्ना मोठ्याने म्हणाली. "ज्याने घाण केली त्यालाच पहिला मान!"

लोक हसले. गार्थने मान वळवली नाही. तो पोरांमध्ये खाली बसला आणि इतक्या हळू बोलायला लागला की आमच्यापर्यंत एक शब्द पोचेना.

क्लेमने माझं कोपर घट्ट धरलं होतं. त्याने कान पुढे केला, पक्षी करतो तसा.

"काय म्हणतोय तो?"

"ऐकू येत नाही."

"पोरं कुठायत?"

"लांब आहेत. याने रेघ मारलीय. आपल्याला आत जायचं नाही म्हणे."

क्लेमला मी परत गाडीत आणून बसवलं. रात्री झोपताना तो म्हणाला, "आता पोरांच्या पाठीवर हात कसा ठेवू मी?" आणि भिंतीकडे तोंड केलं. सोमवारी मी अर्ज लिहिला. कोंडाळं पूर्ववत करा, नाहीतर कोच बदला. लोर्ना पोस्टात असते, तिने तो काउंटरवर ठेवला. तिकीट घ्यायला आलेला माणूस सही केल्याशिवाय सुटत नसे.

पाठीवर हात म्हणजे काय, ते सांगायला हवं. आता मागचं निघतंय.

आम्हाला एक मुलगा आहे. डेक्लन. एकवीस वर्षांपूर्वी तो अठराचा होता आणि गार्थच्याच त्या हंगामात खेळत होता. उपांत्य सामना, सगळं गाव मैदानात, बाहेरगावच्याही गाड्या. तिसरा क्वार्टर संपता संपता आपल्याच गोलासमोर एक सोपा झेल त्याच्या हातात आला. शेंबड्या पोराने घेतला असता. डेक्लनच्या हातातून सुटला. समोरच्यांनी उचलला, लाथ मारली, गोल, सहा गुण. भोंगा.

तेव्हाचा कोच स्टॅन पर्सल. गेला आता, त्याचा फोटो अजून क्लबात आहे, आणि मी तिकडे पाठ करून बसते. स्टॅनने तीनशे माणसांसमोर डेक्लनला उभा सोलला. काय काय बोलला ते मी लिहिणार नाही. शेवटी म्हणाला, "बापाचं नाव भिंतीवर आहे म्हणून तुला जर्सी दिली. विचार त्याला, त्याला काय वाटतंय."

आणि माझ्या नवऱ्याने, न विचारता, सगळ्यांसमोर सांगितलं. "बरोबर आहे, कोच. माझा मुलगा म्हणून गय करू नको. मला लाज वाटते याची." लोकांनी टाळ्या वाजवल्या. हो, वाजवल्या. बाप कसा असावा तर क्लेम हार्टिगनसारखा, असं त्या संध्याकाळी बारमध्ये चार जणांनी मला सांगितलं. एवढं बोलून क्लेम वळला आणि गाडीकडे चालू लागला. मी संत्र्यांचं ताट घेऊन कड्यात होते. पुढचं मला नीटसं आठवत नाही.

सोमवारी सकाळी डेक्लन बॅग घेऊन बसमध्ये बसला. पश्चिमेला, खाणीत. एकवीस वर्षांत तो एकदाही घरी आलेला नाही. नाताळात फोन येतो, दोन मिनिटांचा. इकडे ऊन कसं, तिकडे ऊन कसं, संपलं. त्याला एक मुलगी आहे, नऊ वर्षांची. नाव ठाऊक आहे, चेहरा नाही.

क्लेमने स्वतःला माफ केलं नाही. कुणाजवळ बोलला नाही, पण त्या दिवसानंतर कोंडाळ्यात त्याने पोरांपुढे तोंड उघडलं नाही. कोच बदलत गेले, हा जायचा, उभा राहायचा. ज्या पोराला बोलणी बसतील त्याच्या मागे जाऊन पाठीवर हात ठेवायचा. नुसता हात. डोळे गेल्यावरही. कुणाला बोलणी बसली हे ऐकून तो त्या बाजूला सरकायचा आणि चाचपडत हात ठेवायचा. पोरांनाही सवय झाली होती, ती जरा मागे रेलायची. आणि हा बाक गरम करणारा आला आणि त्याने माझ्या नवऱ्याचं तेवढं प्रायश्चित्तही चुन्याने बंद करून टाकलं. माझं डोकं फिरणार नाही तर काय?

मे गेला, जून गेला. पहिले चार सामने हरलो तेव्हा बेव्हन नुसता फुलला होता. "सांगत नव्हतो? उचलली जीभ लावली टाळ्याला, असं नाही माझं, अभ्यास आहे!" मग आम्ही जिंकायला लागलो आणि त्याची पंचाईत झाली.

"समोरचे वाईट खेळले," तो म्हणायचा.

"लागोपाठ पाच संघ वाईट खेळले?" क्लेम विचारायचा.

"साथ आली असेल."

ब्लेकच्या हातातून बॉल सुटायचा थांबला. पोरं हसत मैदानात यायची. हे मला दिसत नव्हतं असं नाही, पण क्लेम रेघेशी उभा राहून कान पुढे करायचा, आणि ते बघितलं की माझा राग पुन्हा नवा व्हायचा. अर्जावर एक्केचाळीस सह्या झाल्या.

जुलैच्या शेवटी डॉक्टरीणबाईंनी क्लेमचं हृदय तपासलं. त्याला बाहेर बसवलं आणि मला म्हणाल्या, "हा हंगाम काढतील. पुढच्या हंगामाचं मी बोलत नाही, ग्वेन."

मंगळवारी संध्याकाळी सराव संपायच्या वेळी मी अर्ज घेऊन क्लबात गेले. पोरं निघून गेली होती. गार्थ एकटाच मोरीपाशी उभा राहून पाण्याच्या बाटल्या धूत होता. मी कागद टेबलावर आपटला.

"एक्केचाळीस सह्या आहेत. सोमवारी कमिटीकडे जाणार. पण त्याआधी तुला तोंडावर सांगायला आलेय, मागून बोलायची सवय नाही मला."

"ते माहितेय," तो म्हणाला. हात पुसून त्याने सगळा कागद वाचला, सह्यांसकट.

"माझा नवरा आंधळा आहे," मी म्हणाले. "त्याचं हृदय थकलंय. पुढच्या वर्षी तो नसेल. तुझ्या त्या रेघेने त्याचं काय हिरावलंय, तुला कल्पना आहे? एका म्हाताऱ्याने पोराच्या पाठीवर हात ठेवला तर तुझी कोचगिरी बुडते का?"

गार्थ खुर्ची ओढून बसला.

"रेघ माझी नाही, मिसेस हार्टिगन. मी फक्त चुना टाकला. रेघ डेकची आहे."

मी उभीच होते. माझ्या मुलाला इथे कुणी डेक म्हणून एकवीस वर्षं झाली होती.

"खाणीत आम्ही चार वर्षं एकाच पाळीत होतो," तो म्हणाला. "तो तिथे दहा वर्षांच्या आतल्या पोरांना शिकवतो. त्याची मुलगी पण खेळते. ब्रेकमध्ये तो मैदानावर अशीच रेघ मारतो. आईबाप बाहेर, पोरं आत. आणि संत्री तो स्वतः वाटतो. ज्याच्याकडून चूक झाली त्याला पहिली फोड. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, नियम आहे. मी तो तसाच उचलला."

"कसा आहे तो?" मी विचारलं.

"बरा आहे. केस पिकलेत. हसतो."

मी बसले. जे एकवीस वर्षं मनात होतं ते तोंडातून निघालं. "बापाचा राग अजून गेला नाही ना त्याचा? क्लेमला रात्रंदिवस तेच खातंय. तू त्याला सांग ना, बाप थकलाय, पस्तावलाय..."

गार्थने मान हलवली. बाटली हातात घेतली, तिचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं.

"त्याला बापाचा राग नाहीये. तो म्हणतो, डॅड जेवताना पण तसंच बोलायचे, त्याचं काय मनावर घ्यायचं." त्याने बाटली खाली ठेवली. "मिसेस हार्टिगन, मी त्या दिवशी त्याच्या शेजारीच उभा होतो. डाव्या हाताला."

एवढंच म्हणाला तो. पुढचं सांगायची गरज नव्हती.

मघाशी मी लिहिलं ना, पुढचं आठवत नाही म्हणून? खोटं लिहिलं. सगळं आठवतं. क्लेम वळून गेला आणि मी ताट फिरवत होते. गार्थला दिली फोड, मग डेक्लनपुढे ताट धरलं. त्याने माझ्याकडे बघितलं. मग त्याने हात पुढे केला. स्टॅन पर्सल माझ्या खांद्याशी येऊन हळूच म्हणाला, "त्याला नको. संत्रं कमवावं लागतं." आणि मी ताट मागे घेतलं. माझ्या पोराचा हात तसाच हवेत राहिला आणि मी पुढच्या पोरापुढे ताट धरलं. कुणी माझा हात धरला नव्हता. स्टॅन काही मला खाणार नव्हता. लोक बघतायत, कड्यात शिरायचा मान आहे आपल्याला, उगाच तमाशा नको, असलं काहीतरी डोक्यात होतं. अठरा वर्षं त्याला भरवलं आणि त्या एका फोडीला मी मागे सरले. बापाने जाहीर केलेलं सगळ्या गावाने ऐकलं. आईने केलेलं फक्त त्या पोरांनी पाहिलं. आणि एकवीस वर्षं मी क्लेमच्या पापाचं ओझं क्लेमला वाहू दिलं, वर माझंही त्याच्याच पाठीवर टाकलं.

"तो तुमच्याबद्दल वाईट बोलत नाही," गार्थ म्हणाला. "एकदाच सांगितलं त्याने. परत कधी नाही."

मी अर्जाची घडी घातली.

"शनिवारी मिस्टर हार्टिगनना आत घेऊन या," गार्थ म्हणाला. "ते कुणाला काही बोलत नाहीत, मला ठाऊक आहे. तुम्हीही या. ताट घेऊन."

"मी कशाला?"

"त्यांचा हात धरायला कुणीतरी लागेल ना."

घरी क्लेमने विचारलं, "काय म्हणाला तो?" मी म्हणाले, "येऊ देतो म्हणाला." तो इतका खुश झाला की दोनदा चहा मागितला. तेव्हाच सांगायला हवं होतं. डेक्लनचा तुझ्यावर राग नाही रे, एवढं एक वाक्य. पण ते वाक्य बोलले की तो विचारणार, मग तो गेला का? आणि त्याचं उत्तर माझ्यापाशी होतं. तीन रात्री मी ते वाक्य जिभेवर आणलं आणि तीनदा गिळलं.

शनिवारी उपांत्य सामना. मी चाळीस संत्री चिरली. वारा बोचरा होता, मैदानाभोवती गाड्यांची दुहेरी रांग. तिसऱ्या क्वार्टरात आम्ही दोन गोलांनी पुढे होतो, आणि ब्लेकचं डोकं फिरलं. अंपायरला शिवी हासडली. अंपायरने बॉल समोरच्यांना देऊन वर पन्नास मीटर पुढे नेऊन ठेवला, अगदी गोलाच्या तोंडाशी. सहा गुण आंदण. त्या धक्क्यात त्यांनी अजून एक मारला. भोंगा वाजला तेव्हा बरोबरी.

"झालं! दुष्काळात तेरावा महिना!" बेव्हन ओरडला. "आता दे म्हणावं त्याला पहिली फोड!"

मी क्लेमला उतरवलं. एका हाताने त्याला धरलं, दुसऱ्या हातावर ताट. कोंडाळं रेघेशी थांबलं. गार्थने मान हलवली आणि आम्ही दोघं आत गेलो. मागे कुजबुज झाली.

ब्लेक गवतावर गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. गार्थ त्याच्यासमोर उकिडवा बसला, हळू काहीतरी म्हणाला, मग माझ्याकडे बघितलं. मी ताट पुढे केलं. ब्लेकने वर बघितलं. पोरगं रडत होतं. "घे," मी म्हणाले. त्याने फोड घेतली.

क्लेमला धाप ऐकू आली होती. त्याने चाचपडत ब्लेकच्या पाठीवर हात ठेवला, आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा तो त्या कड्यात मोठ्याने बोलला.

"याला दिलं का संत्रं?"

"पहिलं यालाच," गार्थ म्हणाला.

"शाब्बास. असंच हवं." क्लेमचे आंधळे डोळे भरून आले. "पोरांनो, माझा डेकपण इथेच उभा होता. त्याचा झेल सुटला, आणि मी, त्याचा बाप, नको ते बोललो. त्याला घालवला मी. माझ्यामुळे गेलं पोरगं. पण एक सांगतो, मी तोंड फिरवलं तरी त्याच्या आईने फिरवलं नाही. तिने त्याला संत्रं दिलं. त्या एका गोष्टीवर मी इतकी वर्षं काढली. निदान आमच्यातलं एक जण तरी त्याच्या बाजूचं होतं." त्याने माझ्या दिशेला तोंड वळवलं. "दिलं होतंस ना गं, ग्वेन?"

पोरं माझ्याकडे बघत होती. गार्थ बघत होता. त्या दिवशी डेकच्या डाव्या हाताला तोच उभा होता.

खरं सांगितलं तर क्लेमच्या छातीवरचा दगड उतरणार होता. त्याचा मुलगा त्याच्यामुळे गेला नव्हता, हे ऐकून तो सुखाने मरणार होता. पण खरं सांगितलं तर पोराच्या बाजूचं त्या दिवशी कुणीच नव्हतं, हेही त्याला कळणार होतं. मी त्याच्यासाठी खोटं बोलले, असं मी स्वतःला सांगते. कधी पटतं, बहुतेक वेळा पटत नाही.

"दिलं की," मी म्हणाले. "मोठी फोड दिली."

"बघा," क्लेम पोरांना म्हणाला.

गार्थने माझ्याकडे बघितलं. एक शब्द बोलला असता तर संपलं होतं. त्याने ताट माझ्या हातातून घेतलं, एक फोड क्लेमच्या हातात ठेवली, आणि पोरांकडे वळून म्हणाला, "चला, उठा. अजून एक क्वार्टर आहे."

आम्ही चार गुणांनी हरलो. ब्लेकने शेवटच्या क्वार्टरात दोन गोल मारले आणि मी दोन्ही वेळा हॉर्न वाजवला, एवढा की लोर्नाने कान झाकले.

गाड्या निघायला लागल्या तेव्हा बेव्हन म्हणाला, "मग काय, ग्वेन? अर्ज सोमवारी देतेस ना?"

"फाडला तो."

"फाडला? एक्केचाळीस सह्या होत्या! आणि आज हरलो की आपण!"

"हरलो. पण कोच चांगला आहे. राहू दे त्याला."

"असं काय एकदम दिसलं तुला त्याच्यात?"

"त्याला गप्प बसता येतं," मी म्हणाले.

बेव्हनला काही कळलं नाही. क्लेम शेजारी डोळे मिटून बसला होता, संत्र्याचं साल अजून मुठीत धरून.

ऑक्टोबरात क्लेम गेला. डेक्लन आला नाही, फोन आला. या वेळी दोन मिनिटांहून थोडा जास्त. मी म्हणाले, "डेक, ते ताट..." तो म्हणाला, "जाऊ दे, मॉम." मी म्हणाले, "नाही, ऐक." तो थांबला, आणि मी रडतच राहिले, बोलता काही आलं नाही. शेवटी त्याने विचारलं, "डॅडना माहीत होतं का, माझा त्यांच्यावर राग नव्हता ते?"

"होतं," मी म्हणाले.